कृष्णपुरा ते सराफा: इंदूरची खादाड रात्र

आपल्या गोव्यात रात्री दहानंतर अख्खे कुटुंब, म्हाताऱ्या आजीसकट, घराबाहेर पडते ते बहुधा दोनच कारणांनी. गावची जत्रा असते, नाही तर देवळात नाटक असते. नुसते खायला म्हणून कोणी त्या वेळी बाहेर पडले तर शेजारीण दुसऱ्या दिवशी विचारणारच, "काल घरांत रांदलें ना काय?"

इंदूरला गेलो तेव्हा कृष्णपुऱ्यात एका स्नेह्याच्या मामींकडे उतरलो होतो. डिसेंबरचे दिवस. आठ वाजले तरी स्वयंपाकघरात हालचाल दिसेना. पाहुणा म्हणून विचारायचा संकोच, आणि पोटात तर कावळे. शेवटी मामींनाच दया आली. "भूक लागली का तुम्हाला? थोडं थांबा. अजून सराफा लागायचाय."

बाजार आपल्याकडे भरतो, इंदूरच्या मराठीत तो लागतो. हिंदीच्या शेजारात दोनशे वर्षे राहिलेल्या मराठीची ही अशी गंमत. "करून राहिले", "जाऊन राहिले" हे तर पदोपदी. मला आधी ते कानाला खटकले. मग आपल्या मराठीत कोंकणी किती सहज मिसळते ते आठवले आणि गप्प बसलो.

कृष्णपुरा म्हणजे जुन्या इंदूरचे काळीज म्हणायला हरकत नाही. दिवसा आसपास बाजाराची वर्दळ असते, पण रात्र पडली की आतल्या गल्ल्या चिडीचूप होतात. नदीकाठी होळकरांच्या छत्र्या आहेत, रात्री त्यांच्यावर दिवे सोडलेले असतात. छत्री म्हणजे राजघराण्यातल्या मृतांचे स्मारक. आपल्याकडे हा प्रकार नाही, म्हणून सांगतो. देवळासारखे शिखर, पुढे मंडप, भिंतींवर दगडात कोरलेले शिपाई आणि वाजंत्री. महाराणी कृष्णाबाई, दुसरे तुकोजीराव आणि शिवाजीराव अशा तिघांची स्मृती इथे आहे. खालून वाहते ती खान नदी. आता कागदोपत्री तिला कान्ह म्हणतात. या छत्र्यांपासून राजवाडा आणि त्याच्या पाठीमागचा सराफा बाजार, म्हणजे मध्यरात्रीपर्यंत हजारो माणसे जिथे उभ्याउभ्या खातात ती गल्ली, चालत दहा मिनिटांवर सुद्धा नाही. इतकी शांतता आणि इतका गजबजाट एकमेकांना इतके खेटून कसे नांदतात, हा प्रश्न मला त्या रात्री पडला. त्याचे उत्तर शोधताना मी बराच मागे गेलो.

ज्या कृष्णाबाईच्या नावावरून कृष्णपुरा, तिचे नाव आपल्या इतिहासाच्या पुस्तकांत क्वचितच येते. अहिल्याबाई सगळ्यांना ठाऊक, आणि ते योग्यच आहे. पण अहिल्याबाईंची राजधानी महेश्वर, नर्मदेच्या काठी. इंदूर राजधानी झाले ते पुढे, पराभवानंतर. यशवंतराव होळकर १८११ साली भानपुऱ्याला वारले. गादीवर पाच वर्षांचा मल्हारराव आणि कारभार तुळसाबाईच्या हाती. कृष्णाबाई, जिला केसराबाईही म्हणत, ही या मल्हाररावाची जन्मदाती. डिसेंबर १८१७ मध्ये होळकरांच्याच फौजेने तुळसाबाईला क्षिप्रेच्या काठी ठार केले, आणि दुसऱ्या दिवशी, २१ डिसेंबरला, महिदपूरच्या लढाईत इंग्रजांनी त्या फौजेचा पराभव केला. ६ जानेवारी १८१८ रोजी मंदसोरचा तह झाला. मोठा मुलूख गेला, इंग्रजांचा रेसिडेंट आला, आणि त्याच वर्षी इंदूर राजधानी ठरली.

पुढची तीस वर्षे या घरात गादीचे प्रश्न संपले नाहीत. मल्हारराव १८३३ साली ऐन तरुणपणी गेला. त्यानंतर मार्तंडराव, हरीराव, खंडेराव अशी नावे भराभर येतात. १८४४ मध्ये अल्पवयीन तुकोजीरावाला गादीवर बसवले गेले. त्या सगळ्या पडझडीत मासाहेब म्हणून वाड्यात टिकून राहिली ती कृष्णाबाई. १८४९ साली ती वारली. तलवार गाजवणारी नव्हे, घर सावरणारी बाई. शहराने तिच्या नावाची वस्ती ठेवली हे मला फार आवडले.

आता यात खाण्याचा संबंध काय, असे वाचक विचारतील. संबंध आहे. मंदसोरच्या तहाने होळकरांचे लढाईचे राज्य संपले आणि पेढीचे राज्य सुरू झाले. घोड्यावर बसून मुलूखगिरी करायची सोय राहिली नाही, तेव्हा पैसा आला तो जमिनीतून: अफू आणि कापूस. माळव्याची अफू ही एकोणिसाव्या शतकातली केवढी मोठी उलाढाल होती याची आज कल्पना येत नाही. सराफ म्हणजे नुसता सोनार नव्हे. हुंड्या वटवणारा, अफूच्या पिकावर आगाऊ पैसे देणारा सावकार. राजवाड्यामागची सराफ्याची गल्ली अशा पैशावर मोठी झाली.

इथे आपण गोंयकारांनी जरा कान टवकारावेत. कारण ही अफू चीनला जायची ती कुठून? कंपनी सरकार आपल्या हद्दीतून तिला जाऊ देत नव्हते, म्हणून व्यापाऱ्यांनी वाट वाकडी करून ती पोर्तुगिजांच्या दमणला नेली. तिथून जहाजात घालून मकावकडे. एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या तीन-चार दशकांत दमणची भरभराट झाली ती या एका मालावर. त्या व्यापारात रोजेरियो द फारिया हा गोंयकार घराण्यातला मुंबईचा व्यापारी आघाडीवर होता. १८४३ साली इंग्रजांनी सिंध घेतले, कराचीची वाट बंद झाली, आणि मग दमणचाही धंदा बसला. म्हणजे इंदूरच्या सराफ्याच्या जुन्या वैभवाचा एक धागा पोर्तुगीज झेंड्याखालून गेलेला आहे. त्यात अभिमान बाळगण्यासारखे काही नाही. चीनच्या घराघरांत त्या मालाने काय केले ते जगाला माहीत आहे. पण इतिहास आहे, तो सांगितला पाहिजे.

असो. साडेनऊला आम्ही निघालो. मामी सत्तरी ओलांडलेल्या, पायात कापडी बूट, खांद्यावर शाल. छत्र्यांवरून, राजवाड्याच्या सात मजल्यांच्या दरवाजासमोरून मागे वळलो, आणि एकदम उजेड, धूर, तुपाचा वास. दागिन्यांच्या दुकानांची लोखंडी शटरे खाली ओढलेली आणि प्रत्येक शटरासमोर, पायरीवर, ओट्यावर एकेक दुकान मांडलेले. दिवसा जिथे मंगळसूत्र तोलतात तिथे रात्री जिलबी तोलली जाते.

आधी भुट्ट्याचा कीस. मक्याचे कोवळे दाणे किसून, हिंग-मोहरी-मिरचीच्या फोडणीवर दूध घालून तुपात मंद परतायचे. वर लिंबू, कोथिंबीर आणि ओले खोबरे. मग गराडू. हा आपल्या कोनफळाच्या जातीचा कंद. थंडीतच मिळतो. त्याच्या फोडी एकदा तळून ठेवतात आणि गिऱ्हाईक आले की पुन्हा कडकडीत तळून वर लिंबू आणि जिरावण भुरभुरतात. जिरावण हा इंदूरचा खास मसाला, सकाळच्या पोह्यांपासून रात्रीच्या गराडूपर्यंत सगळ्यावर पडतो. त्यानंतर खोपरा पॅटिस: बाहेर बटाटा, आत खोबऱ्याचे सारण. समुद्रापासून इतक्या दूर, जिथे माडाचे झाड शोभेपुरतेही दिसत नाही, तिथे नारळ भेटला की आपला जीव कसा सुखावतो ते गोंयकाराला सांगायला नको. जोशींच्या दहीबड्यांपाशी गर्दी होती ती अर्धी खायला आणि अर्धी पाहायला. दह्याने भरलेला द्रोण हवेत उडवून झेलायचा आणि एकाच चिमटीतून वेगवेगळे मसाले वेगवेगळे टाकायचे, ही तिथली जुनी करामत आहे.

गोड म्हणाल तर मूगडाळीचा हलवा, रबडी, मालपुवा, मावाबाटी. आणि जलेबा. जिलबीचा हा थोरला भाऊ, एकच घेतला तरी ताटभर होतो. मी अर्ध्यावर हात टेकले. मामींनी माझ्याकडे जरा कीव आल्यासारखे पाहिले आणि उरलेला अर्धा स्वतः संपवला. शिकंजी मागवली तेव्हा मला लिंबूसरबत येईल असे वाटले होते. आले ते केशर-सुकामेवा घातलेले दाट दूध. इंदुरात शिकंजी तीच.

साबूदाण्याची खिचडीही तिथे आहे, वर शेव घातलेली. उपासाच्या खिचडीवर शेव पाहून पुण्याचा माणूस बेशुद्ध पडेल. पण खिचडी काय, पोहे काय, मराठी घरातूनच माळव्यात आले आणि माळव्याने ते आपले करून टाकले. इंदूरची सकाळ पोहे-जिलबीशिवाय होत नाही. आपण दिवाळीला पाच तऱ्हांचे फोव करतो, त्यांच्या घरी रोजच दिवाळी!

एक गोष्ट मला फार उशिरा लक्षात आली. या गल्लीत दारू नाही, मांसमच्छी नाही, कर्कश संगीत नाही. कडेवर झोपलेली पोरे, नवीन लग्न झालेल्या जोड्या, म्हातारी माणसे. आपल्याकडे 'नाइटलाइफ' म्हटले की जे चित्र डोळ्यांपुढे येते, बागा-कळंगुटचे, त्याच्याशी याचे काही नाते नाही. आपल्या जत्रेच्या फेरीशी मात्र आहे. खाज्यांचे ढीग, चणे, भजी, आणि नाटकाच्या दोन अंकांमधला चहा. फरक एवढाच, की आपली जत्रा वर्षातून एकदा आणि यांची रोज रात्री.

हे रात्रीचे खाणे सुरू कसे झाले? इंदुरात कोणालाही विचारा, एकच गोष्ट सांगतील. सराफांनी खाद्यवाल्यांना आपल्या दुकानांपुढे रात्री बसायला दिले, म्हणजे माणसांची वर्दळ राहील आणि चोर फिरकणार नाही. फुकटचा पहारा. गोष्ट गोड आहे आणि त्यात तथ्य असणारच. पण माझ्या मते तेवढ्याने भागत नाही. चोर येऊ नये म्हणून दुकानदार जागा देईल. खायला मध्यरात्री हजारो लोक का येतील? रात्री जागणारे शहर आधी असावे लागते.

ते शहर घडवले गिरण्यांनी. दुसऱ्या तुकोजीरावांच्या काळातच इंदूर दरबारने स्वतःची कापड गिरणी काढली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मालवा मिल, मग हुकुमचंद मिल आणि आणखी काही. अफूच्या पेढीवर कमावलेला पैसा गिरणीत गेला. सर हुकुमचंद हे त्याचे ठळक उदाहरण. गिरणी म्हटली की पाळ्या आल्या, आणि पाळी सुटल्यावर भुकेला माणूस आला. मुंबईच्या गिरणगावाने खानावळी दिल्या, इंदूरच्या गिरण्यांनी रात्र दिली.

त्या गिरण्यांनी आणखी एक गोष्ट दिली. अनंत चतुर्दशीची झांकी. मराठी सार्वजनिक गणेशोत्सव होळकरांच्या शहरात रुजला, आणि गिरणी कामगारांनी विसर्जनाच्या रात्री दिव्यांनी लखलखणारे देखावे गाड्यांवर चढवून मिरवणूक काढायला सुरुवात केली. त्याला शंभर वर्षे होऊन गेली. ही मिरवणूक रात्रभर चालते. जेल रोड, महात्मा गांधी मार्ग, मग कृष्णपुऱ्याच्या छत्र्या, आणि जुन्या बाजारांतून फिरून राजवाडा. त्या रात्री कृष्णपुऱ्यात कोणीच झोपत नाही आणि कोणी तक्रारही करत नाही. मामींच्या लहानपणी तर नातेवाईक गावोगावहून गच्चीवर जागा धरायला यायचे. हुकुमचंद मिल १९९१ च्या डिसेंबरात बंद पडली. कामगारांची देणी मिळायला २०२३ चा डिसेंबर उजाडला, तोवर कित्येकजण हयात राहिले नव्हते. तरी या बंद गिरण्यांच्या नावाने झांक्या निघत राहिल्या. पगार नाही, भोंगा नाही, पण गणपतीची गाडी आहे. याला काय म्हणावे ते मला कळत नाही.

शिवाय हवा. उत्तरेत एक जुनी म्हण आहे, सकाळ बनारसची, संध्याकाळ अवधची आणि रात्र माळव्याची. 'शब-ए-मालवा' म्हणतात ते हेच. माळवा हे समुद्रसपाटीपासून सुमारे साडेपाचशे मीटर उंचीचे पठार. दिवसा ऊन कितीही तापो, रात्री वारा सुटतो आणि माणूस बाहेर येतो. आपल्याकडे मे महिन्याची रात्र घामाची. त्यामुळे हा फरक अंगाला लागलीच कळतो.

आणि नाटके. मराठी संगीत नाटक पहाटेपर्यंत चालण्याच्या काळात इंदूर हा नाटक कंपन्यांचा हक्काचा मुक्काम होता. देवलांच्या 'शारदे'चा पहिला प्रयोग १८९९ साली इंदुरातच झाला. आपल्या मंगेशीचे मास्टर दीनानाथ अशाच मुक्कामांच्या दिवसांत इथे होते, आणि २८ सप्टेंबर १९२९ रोजी लताबाईंचा जन्म झाला तो याच शहरात, शीख मोहल्ल्यात. कृष्णपुऱ्यापासून ते काही लांब नाही. मराठी साहित्य संमेलनही इंदुरात १९१७, १९३५ आणि २००१ अशी तीनदा भरले. हा सगळा रात्री जागणारा, बोलणारा, खाणारा समाज होता. सराफ्याचा पहारा त्याच्या जिवावर चालला, असे मला वाटते.

मग सरकारला वाटले, आपण रात्र अधिकृत करावी. सप्टेंबर २०२२ मध्ये इंदूरच्या त्या वेळच्या बीआरटीएस मार्गावरील दुकाने, हॉटेले चोवीस तास उघडी ठेवायला परवानगी मिळाली. नोकरदार तरुणांची सोय, नवीन शहर, वगैरे. दोन वर्षेही झाली नाहीत, तोवर दारू पिऊन धिंगाणा, मारामाऱ्या, लोकांच्या तक्रारी. २०२४ साली परवानगी मागे घ्यावी लागली. सराफ्याला कोणी परवानगीचा ठराव करून जन्म दिला नव्हता. तो मालक आणि ओटेवाला यांच्या तोंडी समजुतीवर चालत आला. तू माझी पायरी राख, मी तुला पायरी देतो. गिऱ्हाईक घरच्यांबरोबर येते, म्हणून मर्यादेत राहते.

पण आता ही समजूतही उसवते आहे, आणि ते मामींच्या तोंडून ऐकले. पूर्वी मोजकी दुकाने होती, नावाने ओळखीची. आता मोमो, नूडल्स, पिझ्झा, रंगीबेरंगी धुराचे पान. गर्दी एवढी की सुट्टीच्या रात्री गल्लीत पाऊल टाकता येत नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये हरद्याच्या फटाका कारखान्यात स्फोट झाला, तेव्हा सगळ्यांना एकदम सराफ्यातली गॅसची सिलिंडरे दिसली. अरुंद गल्ली, दोन्हीकडे जुनी घरे, मध्ये हजारो माणसे आणि पेटत्या शेगड्या. राजवाडा याच्या शेजारी उभा आहे, आणि तो तीनदा जळला आहे: १८०१, १९०८ आणि १९८४. पुढे २०२५ मध्ये खुद्द सराफांनीच चौपाटी दुसरीकडे हलवा म्हणून मागणी लावून धरली. ज्यांनी पहाऱ्यासाठी बोलावले त्यांनाच आता पहारेकऱ्याची भीती वाटू लागली. कॅमेरे आल्यावर चोरासाठी जिलबीवाल्याची गरज राहिली नाही, हेही खरेच. परंपरेने चालत आलेली दुकाने ठेवावीत आणि बाकीची काढावीत, असा मधला मार्ग महापालिकेने पुढे केला.

हे ऐकताना मला हडफडे आठवत होते. डिसेंबर २०२५ मध्ये तिथल्या नाइटक्लबला आग लागली आणि २५ माणसे गेली. आत स्वयंपाकघरात राबणारी गरीब पोरेच त्यांत जास्त. त्याआधी कित्येक वर्षे हणजुणे-वागातोरची माणसे रात्रीच्या गोंगाटाविरुद्ध तक्रारी करत होती, उच्च न्यायालयापर्यंत गेली होती. रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद, हा नियम देशात २००० सालापासून आहे. तो वाचून दाखवला की आपल्याकडे लोक हसतात. गावच्या झोपेची किंमत ठरवणारा कोणी दुसराच असतो, आणि तो बहुधा त्या गावात झोपत नाही.

कृष्णपुऱ्याचे वेगळेपण मला इथे दिसले. तिथे झोपणारा आणि खाणारा एकच माणूस आहे. मामी तक्रार करतात ती दारात लावलेल्या स्कूटरींची. मागच्या वर्षी पहाटे दोनला कोणी त्यांच्या पायरीवर द्रोण टाकून गेले, ते त्या अजून विसरलेल्या नाहीत. सकाळी सहाला झाडूवाला येऊन गल्ली लख्ख करतो म्हणून निभते, असे त्या म्हणाल्या. (इंदूर २०१७ पासून देशात स्वच्छतेत पहिले येत आले आहे. त्याचा अभिमान तिथल्या रिक्षावाल्यापासून सगळ्यांना.) पण सराफा हलवायचा का, असे विचारले तर त्या थांबल्या. "हलवून कुठं नेणार? मैदानात? मग मी चालत कशी जाऊ?"

साडेबाराला परत निघालो. राजवाड्यापुढे अजून गर्दी होती. छत्र्यांपाशी वळलो आणि आवाज मागे राहिला, भिंतीपलीकडे राहावा तसा. नदीच्या बाजूने गार वारा येत होता. एका घराच्या खिडकीत रेडिओ हळू लागलेला होता. गल्लीच्या तोंडाशी तीन पोरे मोटारसायकलवर बसून मोठ्याने हसत होती. मामी त्यांच्यापुढे उभ्या राहिल्या.

"झालं खाऊन?"

"हां, काकी."

"मग आता घरी."

पोरांनी गाडी सुरू न करता ढकलत कोपऱ्यापर्यंत नेली आणि तिथे किक मारली. मामींनी कडी काढली, शाल खुंटीला लावली, आणि मला विचारले, "सकाळी पोहे किती वाजता खाणार?"